सनद सस्पेंड करून डिफेन्स कंपनीत जाऊ का?

"ताई, नागपूर खंडपीठात एका सिनियर सरांच्या चेंबरला पाच वर्षं झाली, आर्बिट्रेशन आणि टेंडरच्या रिट्स जास्त केल्यात. आता एका मोठ्या प्रायव्हेट डिफेन्स कंपनीकडून मॅनेजर लीगलची ऑफर आलीये, प्लांट नागपूरजवळच आहे. पगार आत्तापेक्षा खूपच बरा. पण सनद (वकिलीचा परवाना) सस्पेंड करावी लागेल हे ऐकून पोटात गोळा येतो, कारण कधीतरी डिस्ट्रिक्ट जजची परीक्षा द्यायचं डोक्यात आहे. मैत्रीण म्हणते इन-हाउस (कंपनीतली पगारी वकिली) म्हणजे आयुष्यभर एनडीए, गोपनीयतेचे करार, तपासत बसणं. आई म्हणते बॉम्ब बनवणाऱ्यांकडे कशाला. होणारा नवरा डॅलसला असतो, दोन-तीन वर्षांत मीही तिकडे जाईन बहुतेक, तिथे हा अनुभव चालेल का? आणि सरांना कसं सांगू तेच कळत नाहीये. – गोंधळलेली वकील, नागपूर"

अगं, प्रश्न पाच विचारलेस पण निर्णय ज्याच्यावर खरंच फिरू शकतो असा त्यात एकच आहे, जजच्या परीक्षेचा. म्हणून आधी तोच घेते, पगाराबिगाराचं नंतर.

बार कौन्सिलचा ४९ नंबरचा नियम तुला माहितीच असेल, पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की प्रॅक्टिस बंद, कौन्सिलला कळवायचं आणि सनद सस्पेंड. नोकरी सोडलीस की अर्ज आणि ॲफिडेव्हिट देऊन ती परत चालू करून घेता येते, त्यामुळे बार रूममध्ये जे "सनद गेली म्हणजे गेली" चालतं ते फार मनावर घेऊ नको. खरी गोम वेगळीच आहे. डिस्ट्रिक्ट जजच्या थेट भरतीला घटनेच्या कलम २३३ खाली सात वर्षांची वकिली लागते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगून टाकलंय की ही सात वर्षं अर्जाच्या दिवशी सलग असायला हवीत, मध्ये खंड पडला की जुनी वर्षं उचलून नव्याला जोडता येणार नाहीत. म्हणजे नोकरी धरलीस की तुझी ही पाच वर्षं त्या परीक्षेपुरती शून्य, आणि पुढे चाळिशीत परत कोर्टात आलीस तर पहिल्यापासून सात मोजायची.

आता तूच बघ. ते स्वप्न खरंच असेल तर फक्त दोन वर्षं राहिलीत, काढ, परीक्षा दे, डिफेन्स कंपन्या कुठे पळून जात नाहीत. पण "कधीतरी डोक्यात आहे" हे तुझे शब्द वाचून मला नाही वाटत तू अजून सिलॅबस उघडून बघितला असशील. नसशील उघडला तर त्या एका कधीतरीसाठी ही ऑफर सोडू नको.

एनडीएचं म्हणशील तर मैत्रिणीचं निम्मं बरोबर आहे. पहिले सहा-आठ महिने एनडीए, व्हेंडर ॲग्रीमेंट, एमएसएमई सप्लायरची थकबाकी, कुठल्यातरी लेबर मॅटरची तारीख, हेच येणार. पण डिफेन्समध्ये गिऱ्हाईक जवळजवळ एकच असतं, सरकार, आणि ते गिऱ्हाईक स्वतःचं काँट्रॅक्ट स्वतः लिहून आणतं. २०२० च्या डिफेन्स ॲक्विझिशन प्रोसिजरखाली जो आरएफपी (प्रस्ताव मागवणारा कागद) येतो त्यात सगळे क्लॉज छापूनच येतात, प्री-बिड क्वेरीच्या टप्प्यावर चार प्रश्न विचारता येतात तेवढेच, बीड (निविदा) भरली की मान अडकली. एफएमसीजी किंवा आयटी कंपनीतल्या लीगलसारखं रेडलाइन (मसुद्यातल्या दुरुस्त्या) पाठवून घासाघीस करायची चैन इथे नाही. मग वकील करतो काय, तर पुढची पाच-सात वर्षं ते काँट्रॅक्ट जगवतो. तुझं खरं काम ते आहे आणि माझ्या मते ते कोर्टापेक्षा कमी वकिलीचं अजिबात नाही.

एक नेहमीचा नमुना सांगते. समज चारशे कोटींची ऑर्डर आहे, आणि उशीर झाला तर आठवड्याला अर्धा टक्का एलडी (उशिराची ठरलेली भरपाई), वरची मर्यादा दहा टक्के, असा जुना ठरलेला क्लॉज आहे. माल तयार आहे पण फायरिंग ट्रायलला रेंजचा स्लॉटच मिळत नाही, कारण तिथे आर्मीचं दुसरं काही चालू आहे, मग स्लॉट मिळतो तर इन्स्पेक्टरची तारीख जुळत नाही, आय-नोट (तपासणी पास झाल्याचा कागद) निघायला आणखी उशीर, असे करत करत आठ आठवडे गेले. चूक कुणाची? कंपनीची नाही. पण तुमचा प्रोजेक्ट मॅनेजर, बिचारा सज्जन माणूस, साहेबांशी संबंध चांगले राहावेत म्हणून मेल टाकतो की उशिराबद्दल दिलगीर आहोत, वेग वाढवतोय, डीपी (माल द्यायची मुदत) वाढवून मिळावा ही विनंती. झालं. तिकडून एक्स्टेन्शन येतं "विथ एलडी", बिल डिफेन्स अकाउंट्सकडे जातं आणि तिथे क्लार्क चार टक्के म्हणजे सोळा कोटी कापून बाकीचं पास करतो. त्यानंतर फाइल लीगलकडे येते, की मॅडम बघा काही करता येतं का.

तेव्हा करता येण्यासारखं थोडं असतं आणि जे असतं ते महाग असतं. काँट्रॅक्ट ॲक्टचं कलम ५५ आणि ७४ तू कोर्टात कितीतरी वेळा वाचलं असशील, एलडीवरचा ओएनजीसी विरुद्ध सॉ पाइप्स हा निकाल पाठ असेल, पण ती दिलगिरीची मेल समोरच्याच्या कंपायलेशनमध्ये (कोर्टात दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात) पान नंबर सतरावर लागलेली असते. तेच जर स्लॉट नाकारल्याच्या आठवड्यातच दोन ओळींचं पत्र गेलं असतं, की अमुक तारखेला रेंज मागितली, मिळाली नाही, उशीर आमच्यामुळे नाही, आमचे हक्क राखून डीपी विदाउट एलडी वाढवून द्यावा, तर त्या सोळा कोटींचं चित्र पूर्ण वेगळं असतं. हे पत्र लिहायला कायद्याचा मोठा पंडित लागत नाही, लागतो तो रेंजचा स्लॉट हुकला हे त्याच दिवशी जिला कळतं अशी वकील. आणि ते तुला कधी कळेल तर प्रोजेक्ट मॅनेजर तुला फोन करत असेल तेव्हा. या लाइनमधलं करिअर म्हणजे शेवटी ते लोक तुला कधी फोन करतात, सही करायच्या आधी का नंतर, एवढंच आहे बघ. डिग्र्या, डिप्लोमे, एलएलएम, सगळं त्याच्यानंतर.

म्हणून जॉइन झालीस की केबिनमध्ये बसू नको, शॉप फ्लोअरला जा, डिस्पॅचवाल्यांशी बोल, रिव्ह्यू मीटिंगला न बोलावता जाऊन मागच्या खुर्चीत बस. पहिले काही महिने लोक विचित्र नजरेने बघतील, लीगल आलंय म्हणजे कुणाची तरी नोकरी जाणार असं समजून. मग सवय होते.

आता डेस्क कुठलं ते. मोठ्या कंपनीत लीगल म्हणजे एक खोली नसते, काँट्रॅक्ट आणि बीड बघणारे वेगळे, एक्स्पोर्ट कंट्रोलवाले वेगळे, कंप्लायन्स वेगळं आणि लिटिगेशन मॅनेज करणारे वेगळे. तू कोर्टातून येतेयस म्हणून तुला लिटिगेशनवर टाकायचा मोह त्यांना होणारच, आणि तुला पण ते ओळखीचं वाटेल. माझं ऐकशील तर तिथे जाऊ नको. एक तर बाहेरच्या वकिलांना तारखा विचारणं आणि त्यांची बिलं पास करणं हे काम पाच वर्षं स्वतः उभं राहून आर्ग्यू केलेल्या मुलीला फार बोचतं. दुसरं म्हणजे जून २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने सरकारी खरेदीसाठी जे आर्बिट्रेशनचं (लवादाचं) मेमोरँडम काढलं त्यात दहा कोटींच्या वरच्या वादांसाठी आर्बिट्रेशन क्लॉज सरसकट टाकू नका असंच म्हटलंय, म्हणजे तुझ्या हातात जे कौशल्य आहे त्याला हे गिऱ्हाईकच हळूहळू दार लावतंय. भांडण आधीच निपटवणाऱ्याची किंमत वाढणार.

मी तुझ्या जागी असते तर एक्स्पोर्ट कंट्रोल मागितलं असतं. सगळ्यात कंटाळवाणं वाटतं आणि म्हणून कुणी मागत नाही. भारताची डिफेन्स एक्स्पोर्ट २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली, पुण्यातनं तोफा, नागपुरातनं दारूगोळा बाहेर जातोय, आणि यातली प्रत्येक गोष्ट स्कोमेट यादीत (निर्यातीला परवानगी लागणाऱ्या मालाच्या सरकारी यादीत) बसते का, कुठल्या कॅटेगरीत बसते, परवानगी डीजीएफटीकडे (परकीय व्यापार महासंचालनालयाकडे) मागायची का सहाव्या कॅटेगरीची म्हणून डिपार्टमेंट ऑफ डिफेन्स प्रोडक्शनकडे, घेणाऱ्याचं एंड-यूजर सर्टिफिकेट (माल शेवटी कोण वापरणार याची हमी) खरं आहे का, हे कुणीतरी बघावं लागतं. आणि फक्त पेटीतला माल नाही हं, ड्रॉइंगची फाइल परदेशी पार्टनरला मेल केली तरी ती एक्स्पोर्टच धरली जाते. इंजिनियर लोकांना हे पटवणं म्हणजे डोकेफोड असते, त्यांना वाटतं फाइलच तर पाठवली. त्यात माल अमेरिकन कंपनीसाठी बनवत असाल तर वर आयटार, अमेरिकेचे शस्त्र-निर्यातीचे नियम, म्हणजे त्यांच्याकडून आलेलं ड्रॉइंग त्यांच्या सरकारच्या परवानगीशिवाय तुमच्याच शेजारच्या सब-काँट्रॅक्टरलाही दाखवायचं नाही. हे दोन्ही नीट येणारे वकील आपल्याकडे खरंच कमी आहेत.

कंप्लायन्सबद्दल जास्त लिहीत नाही, फक्त एक लक्षात ठेव की या धंद्यात एखाद्या मधल्या माणसाला दिलेलं कमिशन ही बारीकसारीक गोष्ट नसते. बोफोर्स सगळ्यांना माहितीये. ऑगस्टा वेस्टलँडचं व्हीआयपी हेलिकॉप्टरांचं २०१० चं काँट्रॅक्ट जानेवारी २०१४ मध्ये रद्द झालं ते प्री-काँट्रॅक्ट इंटेग्रिटी पॅक्ट, म्हणजे लाच न देण्याचा आधीच केलेला करार, मोडला म्हणूनच. बाहेर बघायचं तर एअरबसला २०२० मध्ये फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका तिघांना मिळून ३.६ अब्ज युरो भरावे लागले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या रेथिऑन या शस्त्र कंपनीने ९५ कोटी डॉलरच्या वर भरायचं कबूल केलं, त्यात किंमत फुगवणं, कतारमधली लाच आणि आयटार, तिन्ही होतं. कंपनीच्या ताळेबंदात या आकड्यांचं जे व्हायचं ते होतं, पण त्या फाइलवर सही कुणाची होती हे मात्र नावानिशी शोधलं जातं.

यावरनं आठवलं, हे तुला तुझ्या सरांनी सांगितलं नसेल तर नीट वाच. वकील म्हणून आज तुझ्यात आणि तुझ्या अशिलात जे बोलणं होतं त्याला संरक्षण आहे. इन-हाउस झालीस की ते तसं राहत नाही. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं प्रिव्हिलेज, म्हणजे हेच संरक्षण, कंपनीच्या पगारी वकिलाला मिळणार नाही, कारण तो कोर्टात प्रॅक्टिस करणारा वकील नाही. कलम १३४ खाली बाहेरच्या लीगल ॲडव्हायझरशी जे बोलणं होतं त्यापुरतं संरक्षण आहे, पण कंपनी आणि तू यांच्यातल्या मेलला नाही. अमेरिकेत उलट आहे, तिथे १९८१ च्या अपजॉन खटल्यापासून इन-हाउसलाही प्रिव्हिलेज मानतात, आणि युरोपियन युनियनच्या कॉम्पिटिशनच्या केसेसमध्ये परत नाही, अक्झो नोबेलचा २०१० चा निकाल बघ.

म्हणजे व्यवहारात काय, तर एमडीला "हा एजंट मला संशयास्पद वाटतो" अशी लांबलचक मेल तू रात्री अकराला चिडून लिहिलीस तर उद्या कुठल्याही तपासात ती उघड्यावर. काही लपव असं नाही सांगत आहे, उलट संशय आला तर लगेच सांग, पण समोर बसून सांग, आणि नाजूक प्रकरणात बाहेरच्या प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पहिल्या दिवसापासून घे, मत त्याच्या नावाने येऊ दे. मला विचारशील तर हा निकाल इन-हाउसवाल्यांवर जरा अन्याय करणाराच आहे, सनदही सोडा आणि वर संरक्षणही सोडा, हे काही पटत नाही. पण आहे ते असं आहे.

शिडीचं थोडक्यात. मॅनेजर, सीनियर मॅनेजर, एजीएम, डीजीएम, मग हेड लीगल नाहीतर जनरल काउन्सेल, आणि मधे बरीच वर्षं एकाच पायरीवर जातात कारण वरची खुर्ची एकच असते आणि त्यावरचा माणूस हलत नाही. यात एक खाच आहे जी बाहेरून येणाऱ्यांना दिसत नाही. कंपनीज ॲक्ट २०१३ च्या कलम २०३ मध्ये ‘की मॅनेजेरियल पर्सोनेल’ (कंपनीचे मुख्य अधिकारी) म्हणून कंपनी सेक्रेटरीचं नाव आहे, सीएफओचं आहे, जनरल काउन्सेलचं कुठेच नाही. म्हणून कितीतरी कंपन्यांत लीगल हे सीएसच्या नाहीतर सीएफओच्या हाताखाली असतं, आणि बोर्डासमोर तुझं म्हणणं तिसराच कुणीतरी मांडतो. तेव्हा ऑफर लेटरवर सही करायच्या आधी एचआरला पगाराच्या बरोबरीने हे तीन विचार: मी कुणाला रिपोर्ट करणार, बीडच्या कमिटीत लीगलची सही लागते का, आणि माझ्या आधी या खुर्चीत कोण होतं आणि ते का गेलं. तिसऱ्याचं उत्तर एचआर गोड करून सांगेल, म्हणून त्या माणसालाच शोधून फोन कर, वकील लोक सापडतातच. आणि व्हेरिएबल पे ऑर्डर बुकिंगला बांधलेला असेल तर तो काढून घ्यायला लाव, ज्या बीडला नाही म्हणायचं आहे तिच्यावरच आपला बोनस नको.

आईचं. आईला हसू नको, तिचं म्हणणं साधं आहे आणि साधी माणसं बरोबर जागी बोट ठेवतात. बॉम्बच बनतात तिथे, किंवा त्याचे भाग. देशाच्या सैन्यासाठी बनतात हे एक उत्तर झालं आणि बऱ्याच जणांना ते पुरतं. पण माल बाहेरही जातो. इस्रायलला जाणारी शस्त्रं थांबवा म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका झाली होती, सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टाने ती फेटाळली, परराष्ट्र धोरण हे आमचं काम नाही म्हणून. म्हणजे हा प्रश्न कोर्ट सोडवणार नाही, लायसन्स देणारं सरकार त्याच्या पद्धतीने सोडवणार, आणि उरलेला तुझ्याकडे. कंपनी कुठे कुठे एक्स्पोर्ट करते ते ॲन्युअल रिपोर्टमध्ये आणि बातम्यांत बघ, ती यादी वाचून झोप लागते का बघ. नाही लागली तर पगार कितीही असो, जाऊ नको, त्यात कमीपणा काही नाही. आणि आईच्या मनात दुसरी भीतीही असणार, नागपूरकडची आहे म्हटल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत स्फोट झाला तो तिने टीव्हीवर पाहिलाच असेल. तुझं ऑफिस ॲडमिन ब्लॉकमध्ये असेल हे तिला सांग. पण तू स्वतः विसरू नको की प्लांटला काही झालं तर पहिला फोन लीगललाही येतो, कंत्राटी कामगाराच्या घरच्यांना काय आणि कधी द्यायचं हे तुझ्या टेबलावर येतं, आणि तिथे कंपनीला कमीत कमी काय देता येईल ते शोधायचं का माणसासारखं वागायला लावायचं हे बऱ्यापैकी तुझ्या हातात असतं.

डॅलसबद्दल खोटी आशा देत नाही. फोर्ट वर्थ तिथून जवळ, लॉकहीडचा एफ-३५ चा कारखाना तिथलाच, त्यामुळे नवऱ्याने तुला "इथे किती कंपन्या आहेत" सांगितलं असेल. पण सिक्युरिटी क्लिअरन्सला साधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्वच लागतं, आणि आयटारखालची माहिती हाताळायला निदान ग्रीन कार्ड तरी, नुसत्या व्हिसावरच्या माणसाला ती दाखवणं हीच तिकडे एक्स्पोर्ट धरतात. शिवाय तिथला बार वेगळा. त्यामुळे थेट मोठ्या डिफेन्स कंपनीत लगेच शिरशील असं मनात धरू नको. चालेल काय तर एक्स्पोर्ट कंट्रोलचा अनुभव, कारण तो फक्त शस्त्रांपुरता नाही, चिप बनवणारे, सॉफ्टवेअरवाले, एअरलाइनचे पार्टवाले सगळ्यांना लागतो आणि तिथे ट्रेड कंप्लायन्सच्या बऱ्याच नोकऱ्यांना बारचं लायसन्सही मागत नाहीत. एलडीचा आणि डीपी एक्स्टेन्शनचा अनुभव मात्र इथेच ठेवून जावा लागेल. म्हणूनच वर म्हटलं ते डेस्क माग.

राहता राहिले सर. फोनवर नको, मेसेजवर तर नकोच, कोर्टाचा दिवसाचा बोर्ड संपल्यावर संध्याकाळी चेंबरला बसून सांग, आणि क्लार्ककडून कळायच्या आत सांग, नागपूर बारमध्ये काही लपत नाही. जाताना तुझ्या नावाचे वकालतनामे कुठल्या कुठल्या मॅटरमध्ये आहेत त्याची यादी कर, प्रत्येकात डिस्चार्ज घे किंवा दुसऱ्या ज्युनियरचं नाव लाव, पुढच्या तारखांसकट फाइल त्याच्या हातात दे, कारण सस्पेंड झालेल्या सनदेवर कुठे तुझं अपिअरन्स लागलं तर ती कटकट वेगळीच. एक-दोन महिने मागितले तर दे, कंपनी थांबते, त्यांचा स्वतःचा आरएफपी तरी कुठे वेळेवर येतो. सर चिडतील, पाच वर्षं शिकवलं म्हणतील, ऐकून घे. सहा महिन्यांनी बाहेरचा वकील नेमायची वेळ तुझ्यावर येईल तेव्हा पहिला फोन कुणाला जाणार आहे हे त्यांनाही माहिती आहे.